बीम टिकवणं

रविवार, ६ जुलै

आज आषाढी. पंढरीनाथाच्या देवळाकडे जायचं होतं, पण पावसानं दुपारपर्यंत उसंत दिली नाही. घरीच साबुदाण्याची खिचडी झाली आणि मग वही उघडून एक हिशेब मांडला. हा हिशेब मी नव्या मुलांना नेहमी पहिल्याच दिवशी करायला लावते. आज स्वतःसाठी मांडला.

इंडस-२ हे इंदूरच्या आमच्या केंद्रातलं यंत्र. त्याच्या स्टोरेज रिंगचा, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत (बीम) फिरवत ठेवणाऱ्या गोल नळीचा, परीघ १७२.४७ मीटर आहे. इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने फिरतो, म्हणून एका सेकंदात त्याच्या १७ लाखांहून जास्त फेऱ्या होतात. तासाला ६ अब्जांच्या वर. पृथ्वी जन्मापासून आजवर सूर्याभोवती साडेचार अब्ज वेळा फिरली आहे. म्हणजे राऊ गावाच्या बाजूला, आंब्या-चिंचांच्या झाडांमागच्या त्या इमारतीत, एक इलेक्ट्रॉन तासाभरात पृथ्वीच्या सगळ्या आयुष्यापेक्षा जास्त प्रदक्षिणा घालतो. आणि तो तासभर नाही, कित्येक तास टिकायला हवा. तेवढ्या वेळात तो बोटभर रुंदीच्या मार्गातून इकडेतिकडे भरकटून निर्वात नळीच्या भिंतीला लागला की संपला.

हे आकडे नुसते थक्क करायला नाहीत. सूर्यमाला कायम अशीच राहील का, हा प्रश्न लाप्लासपासून पॉइन्कारेपर्यंत मोठमोठ्या गणितज्ञांनी हाताळला. छोटे छोटे धक्के, पण पुन्हा पुन्हा, ठरावीक लयीत बसले तर शेवटी काय होतं? कक्षा थोडी डोलत राहते की कधीतरी सुटते? पॉइन्कारेला तीन ग्रहगोलांच्या प्रश्नात जो गुंता दिसला, तोच आमच्या रिंगमध्ये आहे. फरक एवढाच की खगोलशास्त्रज्ञाला उत्तरासाठी अब्जावधी वर्षं थांबता येत नाही, आणि आम्हाला ते जेवणाच्या सुट्टीपर्यंत मिळतं.

या महिन्याच्या शेवटी निवृत्त होते आहे. म्हणून हे सगळं लिहून ठेवावंसं वाटतंय.

मंगळवार, ८ जुलै

देवासहून आलेली एक मुलगी आमच्या गटात नवीन आहे. हुशार आहे, मन लावून काम करते. एमएस्सीच्या प्रकल्पात तिनं हिग्ज कणाच्या विघटनावर काम केलं होतं. आज चहा घेताना जरा चाचरत म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. पण मला कळत नाही, आपण जे करतो त्यात फिजिक्स कुठे आहे? कण शोधणारे वेगळे, पदार्थ तपासणारे वेगळे. आपण फक्त मशीन चालू ठेवतो."

राग कसला यायचा! मी १९८८ मध्ये तुर्भ्याच्या ट्रेनिंग स्कूलमधून इथे आले तेव्हा माझ्या मनातही हेच होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात वाढलेली मुलगी, जिवाजी विद्यापीठातून शिकलेली, डोक्यात क्वांटम फील्ड थिअरी. आणि इथे सुखनिवास तलावाकाठचं मोकळं रान. केंद्राची कोनशिला राष्ट्रपती झैलसिंग यांच्या हस्ते १९ फेब्रुवारी १९८४ ला बसली होती. शास्त्रज्ञांची पहिली तुकडी १९८६ मध्ये राहायला आली, तिच्या मागोमाग आम्ही. लेझर आणि अ‍ॅक्सिलरेटर (कणांना वेग देणारं यंत्र) हे दोन विषय, डॉ. दिलीप भवाळकर प्रमुख. तेव्हा नाव साधं होतं, सेंटर फॉर अ‍ॅडव्हान्स्ड टेक्नॉलॉजी. सगळे कॅट म्हणत. अणुशास्त्रज्ञ राजा रामण्णांचं नाव २००५ मध्ये लागलं. रिक्षावाल्यांना अजून कॅटच ठाऊक आहे.

मी त्या मुलीला लगेच उत्तर दिलं नाही. फळ्याकडे नेलं आणि म्हटलं, हे बघ, इलेक्ट्रॉन वळतो तेव्हा प्रकाश सांडतो. आमच्याकडे बीमला वळवणारे १६ द्विध्रुवी चुंबक, प्रत्येकात १.५ टेस्लाचं क्षेत्र. २.५ जीईव्ही (म्हणजे अडीच अब्ज इलेक्ट्रॉनव्होल्ट) ऊर्जेचा इलेक्ट्रॉन एका फेरीत साधारण सव्वासहा लाख इलेक्ट्रॉनव्होल्ट इतकी ऊर्जा क्ष-किरणांच्या आणि त्याहून मऊ प्रकाशाच्या रूपात गमावतो. ती आरएफ कॅव्हिटी, म्हणजे रेडिओ लहरींनी इलेक्ट्रॉनला पुढे ढकलणारी पोकळी, प्रत्येक फेरीत भरून देते. २०० मिलिअँपिअर प्रवाह असेल तर ही भरपाई सव्वाशे किलोवॅटच्या घरात जाते.

आता मुख्य गोष्ट. फोटॉन, म्हणजे प्रकाशाचा कण, जातो तो इलेक्ट्रॉन ज्या दिशेला चालला आहे त्या दिशेनं. इलेक्ट्रॉन थोडा तिरका जात असेल, तर संवेगाचा तिरका भागही थोडा घेऊन जातो. कॅव्हिटी मात्र भरपाई फक्त सरळ पुढच्या दिशेनं करते. तिरकेपणा भरून मिळत नाही. फेरीमागून फेरी तो झिजत जातो. आत शिरताना इलेक्ट्रॉननं कितीही हेलकावे घेतले असोत, आठेक हजार फेऱ्यांत, म्हणजे पाच मिलिसेकंदांच्या आत, त्या हेलकाव्यांचा जोर बराच ओसरतो. कुठून आलो, कसे शिरलो, सगळं पुसलं जातं. इलेक्ट्रॉनला आधी वेग देणाऱ्या मायक्रोट्रॉन आणि बूस्टर या यंत्रांनी कसाही पाठवला तरी रिंग त्याला आपल्या वळणावर आणते. ही शांतता ऊर्जेच्या घनाच्या प्रमाणात वेगानं येते. म्हणून बूस्टरमधून ५५० एमईव्हीला (५५ कोटी इलेक्ट्रॉनव्होल्टला) बीम आत घेताना ती २.५ जीईव्हीच्या मानानं जवळपास शंभरपट सावकाश येते, आणि आत घेण्याच्या वेळी आमचा जीव का टांगणीला लागतो ते यावरून कळावं.

मग बीम झिजत झिजत एका रेषेइतका बारीक का होत नाही? कारण प्रकाश सलग सांडत नाही, तो तुकड्यांनी सांडतो. एक फोटॉन गेला की इलेक्ट्रॉनची ऊर्जा एकदम घटते, आणि कमी ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनसाठी योग्य कक्षाच वेगळी असते. क्षणात तो स्वतःच्या कक्षेपासून बाजूला सापडतो आणि तिच्याभोवती डोलू लागतो. फोटॉन कधी जाईल याला नियम नाही, संभाव्यता आहे. एकच प्रकाश बीमला शांत करतो आणि तोच त्याला सतत हलवत राहतो. या दोन्हींचा मेळ जिथे बसतो तिथे बीमचा आकार ठरतो, त्यालाच आम्ही एमिटन्स म्हणतो. प्लांकच्या स्थिरांकाचा ठसा डोळ्यांनी दिसावा इतका मोठा झालेला आहे! पिनहोल कॅमेऱ्यातून पडद्यावर जो लांबट ठिपका दिसतो, त्याची रुंदी क्वांटम सिद्धांत ठरवतो. अभिजात भौतिकशास्त्र पूर्ण खरं असतं तर तो ठिपका आडव्या दिशेला आकसत जवळजवळ नाहीसा झाला असता.

ती बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "हे आम्हाला कुणी असं सांगितलंच नव्हतं."

मलाही नव्हतं सांगितलं. रिंगमधल्या बीमचं गणित मांडणाऱ्या, १९५८ च्या कुरां आणि स्नायडरच्या निबंधाची झेरॉक्स हातात देऊन माझ्या वरिष्ठांनी सांगितलं होतं, हे समजलं की या. समजायला पावसाळा गेला.

गुरुवार, १० जुलै

गुरुपौर्णिमा. सासूबाईंनी सकाळी दत्ताच्या तसबिरीला हार घातला. मी मनातल्या मनात माझ्या गुरूंची यादी केली. त्यातल्या बहुतेकांना मी पाहिलेलंही नाही.

पहिला निकोलस क्रिस्टोफिलोस. अथेन्समध्ये लिफ्टच्या कामातला इंजिनिअर. संशोधन संस्था नाही, सहकारी नाहीत, भौतिकशास्त्र फावल्या वेळात स्वतःचं स्वतः शिकलेलं. एक चुंबक बीमला आडव्या दिशेला आवळतो तेव्हा उभ्या दिशेला पसरवतो, त्यातून सुटका नाही. मॅक्सवेलची समीकरणंच तसं सांगतात. पण आवळणारा आणि पसरवणारा असे चुंबक आलटून पालटून ठेवले तर एकूण परिणाम दोन्ही दिशांना आवळण्याचाच होतो, हे त्याच्या ध्यानात आलं आणि १९५० मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला. त्याकडे कुणी फारसं पाहिलं नाही. १९५२ मध्ये ब्रुकहेवनला कुरां, लिव्हिंगस्टन आणि स्नायडर यांनी तीच कल्पना स्वतंत्रपणे शोधली. क्रिस्टोफिलोसचं आधीचं काम नंतर उजेडात आलं आणि त्याला अमेरिकेत बोलावून घेतलं. आज जगातली प्रत्येक मोठी रिंग या कल्पनेवर उभी आहे. मोठ्या केंद्रापासून दूर बसलेल्या माणसालाही मूळ गोष्ट सुचू शकते, या एका उदाहरणानं मला इंदूरमध्ये बसून फार धीर दिला आहे.

दुसरा अर्नेस्ट कुरां. शंभर वर्षं जगला, २०२० मध्ये गेला. त्याचं गणित अजून रोज माझ्या हाताखालून जातं.

तिसरा ब्रुनो टूशेक. जन्म व्हिएन्नाचा, आई ज्यू, त्यामुळे शिक्षणात अडथळे आणि युद्धाच्या अखेरीस कैद. युद्धकाळात त्यानं विडरो यांच्याबरोबर बीटाट्रॉन या इलेक्ट्रॉनला वेग देणाऱ्या यंत्रावर काम केलं होतं. इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन (त्याचाच उलट विद्युतभाराचा जोडीदार) एकाच रिंगमध्ये उलट दिशांनी फिरवून त्यांची टक्कर घडवायची, ही कल्पना त्यानं १९६० मध्ये इटलीत फ्रास्काटीला मांडली आणि वर्षभरात आडा ही छोटी रिंग उभी राहिली. पुढे आडा फ्रान्सला ऑर्सेला नेली. तिथे बीम जास्त भरला की तो लवकर विरतो असं आढळलं. कारण टूशेकनंच शोधलं. बीमच्या एकाच गुच्छातले दोन इलेक्ट्रॉन डोलता डोलता एकमेकांवर आपटतात. आपटणं हलकंच, पण धावत्या बीममध्ये त्याचा ऊर्जेवरचा परिणाम कितीतरी पटींनी वाढतो आणि दोघेही रिंगला सांभाळता येणार नाही अशा ऊर्जेला पोचतात. आजही बीम जितका बारीक करावा तितका हा परिणाम बळावतो. जितकं चांगलं यंत्र, तितकं टूशेकचं ओझं जास्त.

चौथे गुरू ग्वाल्हेरचे, शाळेतले. त्यांचं नाव इथे लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. फळ्यावर आकृती काढल्याशिवाय समीकरण लिहायचं नाही, हा त्यांचा नियम मी अजून मोडलेला नाही.

शुक्रवार, ११ जुलै

पाऊस रात्रभर. माळव्याची काळी माती आता फुगेल, चैत्रात पुन्हा भेगाळेल. घर बांधणारा प्रत्येक गवंडी या मातीचं बोलतो. आमच्या विषयातही जमिनीकडे लक्ष द्यावं लागतं. बीमला आवळणारा चतुर्ध्रुवी चुंबक मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतका जरी सरकला तरी पूर्ण रिंगभर कक्षा काही मिलिमीटर वाकडी होऊ शकते. चुंबक बीमला ज्या जोरानं आवळतो त्याच जोरानं स्वतःची चूक त्याच्यावर लादतो. मग बीमची जागा सांगणाऱ्या बटनांची वाचनं घ्यायची, सुधारक चुंबकांना एकेक करून किंचित हलवून कक्षा किती बदलते ते मोजायचं, त्याचं मोठं कोष्टक मांडायचं आणि ते उलटं सोडवायचं. हे काम मला आयुष्यभर आवडलं. न दिसणाऱ्या गोष्टीशी बोलल्यासारखं वाटतं.

आज त्या मुलीच्या प्रश्नाचं जास्त नेमकं उत्तर सुचलं. जेवणाच्या सुट्टीत तिला लेपची गोष्ट सांगितली. जिनिव्हाजवळ, आता जिथे एलएचसी हे कणांच्या टकरी घडवणारं महायंत्र आहे त्याच २७ किलोमीटरच्या बोगद्यात १९८९ ते २००० या काळात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची टक्कर घडवणारी रिंग होती. झेड या मूलभूत कणाचं वस्तुमान मोजायचं तर बीमची ऊर्जा फार काटेकोर माहीत हवी. मोजणी घ्यावी तर ऊर्जा दिवसभरात हलकेच वरखाली होताना दिसे. वेळा चंद्राशी जुळत होत्या. समुद्राला भरती येते तशी खडकालाही येते, जमीन किंचित ताणली जाते आणि २७ किलोमीटरचा परीघ सुमारे एक मिलिमीटरनं बदलतो. आरएफची लय ठरलेली असल्यामुळे इलेक्ट्रॉनला तितकंच अंतर कापावं लागतं, मग तो चुंबकांतून मध्यापासून थोडा हटून जातो आणि ऊर्जा बदलते. शिवाय जवळून जाणाऱ्या टीजीव्ही या फ्रान्सच्या वेगवान रेल्वेची वीज जमिनीतून वाट काढत बीमच्या नळीत शिरत होती. यंत्राच्या लोकांनी हे सगळं शोधून, मोजून दुरुस्त केलं. झेडचं वस्तुमान ९१.१८७६ जीईव्ही, चूक अवघी ०.००२१ ची, असं त्यातून पुस्तकात छापलं गेलं. त्या दोन शून्यांमागे चंद्र आहे आणि रेल्वे आहे. झेडचं वस्तुमान किती पसरट दिसतं, त्या रुंदीवरून निसर्गात हलक्या न्यूट्रिनोंचे प्रकार तीनच, हे ठरलं. आता तूच सांग, म्हटलं, बीम ओळखणाऱ्यांचं काम कुठे संपलं आणि भौतिकशास्त्र कुठे सुरू झालं?

ती म्हणाली, "रेषा काढता येत नाही, मॅडम."

हेच मला म्हणायचं होतं.

त्याच बोगद्यात आमच्या गावचाही हात लागलेला आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. एलएचसीच्या १२३२ द्विध्रुवी चुंबकांतला प्रत्येक १५ मीटर लांब आणि ३० टनांहून जड. ते चुंबक ज्या जॅकवर टेकले आहेत आणि मिलिमीटरच्या अगदी लहान भागाइतके सरकवता येतात, त्या सुमारे ७००० जॅकचं काम भारतानं केलं, आणि त्यात इंदूरच्या केंद्राचा मोठा वाटा होता. अतिवाहक सुधारक चुंबकही इथून गेले. वर्तमानपत्रात हिग्जचा फोटो येतो, जॅकचा येत नाही. मला त्याचं वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं. कारण तो फोटो पाहून आमची मुलं विषय निवडतात.

शनिवार, १२ जुलै

सासूबाईंनी विचारलं, तुम्ही इतकी वर्षं फिरवलंत ते कुणाच्या उपयोगी पडलं का गं? त्यांना सगळं सांगितलं. रिंगच्या कडेनं बीमलाइन आहेत, म्हणजे सांडलेला प्रकाश बाहेर आणणाऱ्या नळ्या. एकीवर प्रथिनांचे स्फटिक ठेवतात आणि क्ष-किरणांच्या ठिपक्यांवरून रेणूची घडण काढतात. दुसरीवर मिश्रधातू, तिसरीवर अर्धवाहकाचा पातळ थर. देशभरातल्या विद्यापीठांतून मुलंमुली नमुने घेऊन येतात आणि दिवसरात्र मोजतात. आणि इंदूरच्या चोइथराम मंडीजवळच्या केंद्रात आमच्याच लोकांनी बनवलेले १० एमईव्हीचे रेषीय अ‍ॅक्सिलरेटर आहेत, त्यांतल्या इलेक्ट्रॉननी दवाखान्यातली साधनं निर्जंतुक करतात. हे शेवटचं त्यांना लगेच पटलं. "मग सुईला कामी येतं म्हण की," म्हणाल्या.

मला बीमलाइनवरची मुलं फार आवडतात. लांबून आलेली, मिळालेल्या वेळेतला एकेक तास जपणारी. त्यांच्या शोधनिबंधात शेवटी आभाराची एक ओळ असते, इंडस-२ चालवणाऱ्या गटाचे आभार. मी अशा ओळी वाचते. कक्षा काही मायक्रॉन हलली असती तर त्यांचा किरण नमुन्यावरून घसरला असता आणि आलेख डळमळला असता. तो डळमळला नाही, म्हणून त्यांना आमच्याकडे पाहावं लागलं नाही. कामाचं हेच माप मी मानत आले, आणि याहून मोठं माप मला नको होतं.

रविवार, १३ जुलै

सकाळी पोहे-जिलबी, मग ती मुलगी घरीच आली, लॅपटॉप घेऊन. पुढच्या पिढीच्या रिंगचा प्रश्न तिनं स्वतःहून उचलला आहे.

प्रश्न असा. आमच्या रिंगच्या प्रत्येक भागात दोन वळणं आहेत. बीमचा एमिटन्स एका चुंबकातल्या वळणाच्या कोनाच्या घनावर अवलंबून असतो. वळण जास्त चुंबकांत वाटलं तर एमिटन्स झपाट्यानं घटतो. स्वीडनच्या मॅक्स-४ मध्ये एकेका भागात सात वळणं घेतली, ५२८ मीटरच्या रिंगमध्ये एमिटन्स ०.३३ नॅनोमीटरवर आला. आमचा त्याच्या शंभरपटींहून जास्त आहे. मग सगळ्यांनी तसंच का करू नये? कारण इतक्या घट्ट आवळलेल्या बीममध्ये वेगवेगळ्या ऊर्जेचे इलेक्ट्रॉन वेगवेगळ्या लयीनं डोलतात. ते सुधारायला षट्ध्रुवी चुंबक जोरदार लावावे लागतात, आणि षट्ध्रुवीचं बल अंतराच्या वर्गानं वाढतं. तिथे पुन्हा पॉइन्कारे येतो. मध्यापासून थोडं दूर गेलं की नियमित कक्षा तुटतात, आलेखावर बेटं उमटतात, बेटांभोवती गोंधळ. सुरक्षित क्षेत्र इतकं आक्रसतं की नवा बीम आत घ्यायलाच जागा उरत नाही.

तिनं काढलेली चित्रं पडद्यावर पाहिली. मधोमध गुळगुळीत लंबवर्तुळं, आणि बाहेर पाच बेटांची माळ. पाच बेटं म्हणजे ट्यूनचा (एका फेरीत इलेक्ट्रॉन किती वेळा डोलतो त्या संख्येचा) अपूर्णांक एक पंचमांशाजवळ सरकलाय. इलेक्ट्रॉन दर पाचव्या फेरीला त्याच धक्क्याच्या त्याच टप्प्यावर येतो आणि धक्के एकमेकांत मिळत जातात. मी तिला दोन षट्ध्रुवींमधलं डोलाच्या टप्प्याचं अंतर असं ठेवायला सांगितलं की एकाचा धक्का दुसरा परतवेल. ती म्हणाली, तसं केलं की एमिटन्स थोडा वाढतो. किती? तिनं हिशेब केला. बराच वाढतो. मग अष्टध्रुवी चुंबक घालून पाहू म्हणाली, म्हणजे डोल मोठा झाला की ट्यून आपोआप बाजूला सरकेल आणि माळेपर्यंत पोचणारच नाही. मला हे सुचलं नव्हतं. अष्टध्रुवीची जागा मात्र चुकीची निवडली तर आणखी वरची बेटं जागी होतात, म्हणून आधी जागा ठरवायच्या. तीन पर्याय कागदावर काढले. पहिल्याची गणना आत्ता चालू आहे, दहा हजार फेऱ्यांपर्यंत इलेक्ट्रॉन टिकतो का ते पाहायला. तोवर तिला दुसऱ्या पर्यायातल्या चुंबकांमध्ये बीम मोजणाऱ्या बटनांना जागा उरते की नाही ते तपासायला बसवलंय.